नवा कर्नल, जुनी शिडी

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

शंभूनं चिप पाठवली! सख्खा धाकटा भाऊ. पाळी गावात राहतो, इथून सुर्ल्याहून सायकलनं दहा मिनिटं. अकरा वर्षं तोंडातून शब्द नाही, आणि आता चिप!

आज नारळी पुनव. त्याची सिद्धी दरवर्षी येते, आमच्या मुलाच्या, साईशच्या नावाची राखी देवापुढे ठेवून जाते. साईश जहाजावर. पोरांनी आमचं भांडण उचललं नाही, तेवढं बरं. जाता जाता तिनं पाकीट काढलं. "आबा, बाबांनी दिलंय. तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय." आत नखाएवढी काळी चिप. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

"काय आहे यात?"

"मला काय ठाऊक! कॅमेऱ्यातली आहे. बाबांचा गुडघा मोडलाय आबा. यंदा चवथीला त्यांचं डोंगरावर जाणं नाही."

सांगताना पोरगी हसत होती. बापाचा गुडघा मोडला आणि ही हसते! काय म्हणायचं आजच्या पोरांना.

१० ऑगस्ट, रविवार

कॉम्प्युटरला चिप घालायला भोकच नाही. मागच्या खोलीत स्वाती भाड्यानं राहते, कोल्हापूरकडची, डिचोलीला कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. तिनं एक डबी दिली. चिप डबीत, डबी कॉम्प्युटरात. इंग्रजी पाटी आली. अक्षरं लावून लावून वाचली. 'अननोन' एवढं कळलं. ओळखत नाही म्हणे.

स्वाती म्हणाली, "काका, माझ्या लॅपटॉपवर बघूया की, लगीच उघडंल."

नको म्हटलं. डबी काढली आणि खिशात टाकली.

हिला काय सांगायचं! शंभूची जीभ मला ठाऊक आहे. अकरा वर्षांच्या शिव्या साठवून भरल्या असतील तर? परक्या बाईच्या लॅपटॉपवर बसून ऐकायच्या? माझ्या भावाच्या शिव्या मी माझ्या घरात, माझ्या कॉम्प्युटरवर, दार लावून ऐकणार.

११ ऑगस्ट, सोमवार

परत घातली. परत अननोन. दोनदा फुंकून बघितली. चार शिव्या मीच घातल्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

स्वातीला नीट विचारलं. घोळ करू नको, चार वाक्यांत सांग, म्हटलं.

तिनं सांगितलं ते असं. कपाटात काय कुठं ठेवायचं याची प्रत्येकाची एक रीत असते. चिपेतही तशीच रीत, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. ह्या जास्त मावणाऱ्या चिपेची रीत नवी आहे, एक्सफॅट नावाची. आणि कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल असतो. तो घरचा कर्ता. आलेल्याची रीत त्याला ठाऊक असली की दार उघडतो, नसली की उंबऱ्यावरच उभा ठेवतो.

"तुमचा कर्नल लई जुना हाय काका. चारचा. पाचच्या पुढचा पायजे, त्याला ही रीत शिकवूनच पाठवत्यात."

खरं आहे. खाण बंद पडली तेव्हा ऑफिसातला हा कॉम्प्युटर मी उचलला. अठरा साली साईश जहाजावर चढण्याआधी त्यात लिनक्स घालून गेला. त्यानंतर मी काहीच बदललेलं नाही. नाटकांच्या टेपा ऐकतो, पत्ते लावतो. चालतंय ते कशाला हलवा?

"म्हणजे म्हातारा झालाय आणि नवीन कोणाला ओळखत नाही," मी म्हटलं.

"आणि ऐकतबी न्हाई कुणाचं," स्वाती म्हणाली. माझ्याकडेच बघत! सरस्वती आत भांडी घासत होती. भांडी वाजायची थांबली. बायको असून एक शब्द माझ्या बाजूनं नाही.

बाहेरून एक तात्पुरती सोय जोडता येते म्हणे, कर्नलला न हलवता. तात्पुरतं नको. करायचं तर कर्त्यालाच शहाणा करायचा. रविवार ठरला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

चवथीला बारा दिवस. मातोळीची लाकडी चौकट माळ्यावरून उतरवली, धुतली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची, तिला रानातली फळं-पानं बांधायची. शंभू बांधायला होता तेव्हा आमची मातोळी बघायला साखळीहून माणसं यायची. आता मी बाजारातून आणतो. काकडी, तोरंजनाचं लिंबू, नारळाची पेण म्हणजे घड. बाजारात कवंडळ मिळत नाही. लालभडक फळ, मातोळीत टांगलं की दिवा लावल्यासारखं दिसतं. त्याची वेल कुठं आहे ते एकट्या शंभूला ठाऊक. आमच्या बाबांनी त्यालाच दाखवली.

शिडीवरून तो पडला ते याच चौकटीखाली. अकरा वर्षं झाली. वर बांधत होता, खाली आला. कमरेला लागलं. म्हणाला, "दादा, तुझ्यामुळं." मी म्हटलं, "तुला चढता येत नाही." उठला, लंगडत गेला, आणि पुढच्या वर्षी आपल्या घरी वेगळा गणपती बसवला! मूळ घरचा गणपती सोडून! सगळ्या गावात हसं झालं.

त्याची चूक.

१७ ऑगस्ट, रविवार

सत्यानाश!

सकाळी सरस्वती पुढं उभी. "करूचा आसा तर आधी कौल घ्या." मी म्हटलं, अगो, कॉम्प्युटर आहे, सोयरीक नव्हे. ती ऐकते काय! एकटीच देवळात गेली, देवीला पाकळ्या लावून कौल घेऊन आली. डावा पडला. "आज नको म्हणता देवी."

मी कशाला थांबतोय? स्वाती सांगत गेली, मी एका बोटानं टाइप करत गेलो. तिला कीबोर्डाला हात लावू दिला नाही. नवा कर्नल उतरायला लागला. पडद्यावर ओळी धावत होत्या, खाणीवरून खनिजाचे ट्रक सुटल्यासारख्या. "ह्याला येळ लागंल, कपडे पिळून येतो," म्हणून स्वाती गेली. मी जनेलाशी रस्ता बघत बसलो.

आणि फट्! पडदा काळा.

आत मिक्सरचा आवाज. खतखत्याच्या भाजीचं वाटप! हॉलमधलं बटण जळालंय म्हणून वायर स्वयंपाकघरातून ओढलेली. सरस्वतीनं कॉम्प्युटरचा प्लग काढून तिथं मिक्सर लावला होता!

"माका काय म्हायत ता कशाचा प्लग!"

"सात वर्षं तोच प्लग तिथं आहे!"

"देवीन सांगलेला, आज नको म्हणून!"

"देवीनं नव्हे, मिक्सरनं सांगितलं!"

परत चालू केला. इंग्रजी ओळी आल्या, आणि घट्ट उभा. पुढं नाही, मागं नाही. कर्ता अर्ध्या वाटेवर मेला. आता नवाही नाही आणि जुनाही नाही. शंभू काय बोलला ते कधी कळणार नाही.

जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो. खतखतं चांगलं झालं होतं, ते तिला सांगितलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

मेला नाही! स्वाती कामावर जाताना पाच मिनिटं आली. चालू करताना एक बटण दाबून धरायला लावलं, तर यादी आली. वर नवा, त्याच्या खाली जुना. जुन्यावर बोट ठेवलं आणि घर उघडलं! टेपा आहेत, पत्ते आहेत, सगळं आहे.

"नवा आला म्हणून जुन्याला लगीच हाकलत न्हाईत काका. नव्याचं काय बिघडलं तर जुना हायच."

शहाणी रीत आहे. कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ती, त्याला माझा नमस्कार.

उरलेलं बुधवारी. स्वातीची दुसरी पाळी, सकाळ मोकळी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सरस्वती देवळात जायला निघाली. मी म्हटलं, थांब, मीपण येतो. तिनं छत्री माझ्या हातात दिली.

उजवा पडला.

२० ऑगस्ट, बुधवार

काय दिवस! नीट लिहितो.

मिक्सर कपाटात कुलुपात. किल्ली माझ्या कनवटीला. वाटप सरस्वतीनं पाट्यावर केलं, आणि दर फेरीला मला ऐकू जाईल असा उसासा.

मग म्हणते, "गाराणां घाला." घरातलं गाऱ्हाणं मीच घालतो, पण देवापुढं, चवथीला. कॉम्प्युटरपुढं? स्वाती हसायला लागली. मी म्हटलं, चला, तेही करून टाकू, नाहीतर ही परत काहीतरी उपटेल. नारळ ठेवला. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात नवो कर्नल बसयतंव, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सरस्वती. स्वातीपण, कोल्हापुरी हेलात.

"येणाऱ्याची वळख तेका पटू दी, बंद दारां उघडू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मधीच लाइट जाव नये, कोणी प्लग काढू नये रे म्हाराजा!"

सरस्वती गप्प. मी वाट बघितली. "व्हय म्हाराजा," पुटपुटली.

"आणि आमच्या शंभूचो गुडघो बरो कर रे म्हाराजा!"

हे मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. सरस्वती इतक्या मोठ्यानं "व्हय म्हाराजा!" म्हणाली की शेजारचा कुत्रा भुंकला.

अर्धवट राहिलेलं पुरं करायची ओळ टाइप केली. एक अक्षर चुकलं, परत केली. ओळी धावल्या. थांबल्या. बंद केला, चालू केला. स्वातीनं नंबर वाचला, "पाचचा! बसला काका!"

चिप घातली. पाटी नाही. ओरड नाही. एक खिडकी उघडली आणि आत ओळीनं सदतीस व्हिडिओ. जणू रोजचं येणं-जाणं होतं!

मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकाहत्तर वर्षांचा माणूस! स्वातीला नारळ दिला. मग सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शिव्या नाहीत.

एक आहे. ती शेवटी सांगतो.

सगळी झाडं! हातात कॅमेरा धरून शंभू डोंगर चढतोय. त्याच्या चपला दिसतात आणि आवाज ऐकू येतो. आवाज जाड झालाय, बाबांसारखा. "दादा, हीं कांगलां. व्हाळाच्या वरच्या अंगाक." "दादा, ह्यो घागऱ्यो. काट्यांतून हात घालू नको, काठी घे. तुका धीर नसता." मातोळीच्या सदतीस जिनसा. प्रत्येकीची वाट दाखवलीय. खाणीचा ढिगारा चढून पलीकडं उतरलाय. गुडघा मोडायच्या आधी घेतलेलं असणार.

सदतिसावं कवंडळ. वेलीखाली उभा राहून म्हणतो, "बाबा माका म्हणालेले, थोरल्याक दाखव नको, तो कच्चीच काढतलो. तू सांभाळ. आता सांभाळलंय पुष्कळ. तू बघ."

मग थोडा वेळ नुसती पानं. आणि मग, "आणि मातोळी जरा सरळ बांध रे, मेल्या! दर वर्षी रस्त्यावरनं जनेलातून बघतंय. डावीकडे कलता!"

ही ती शिवी.

म्हणजे दर वर्षी येत होता. रस्त्यापर्यंत.

सरस्वतीला आत बोलावलं. दोघांनी परत पहिल्यापासून सदतीसही बघितले. तिनं मिक्सरची किल्ली मागितली नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

डोंगरावर जाऊन आलो. एकटा. सरस्वती ओरडत होती, ओरडू दे. ढिगाऱ्यावर दोनदा बसलो, कोणी बघितलं नाही. वेल तिथंच आहे. सहा फळं. चार लाल, दोन हिरवी.

हिरवी ठेवली. बाबा, बघा!

२४ ऑगस्ट, रविवार

चिप परत पाकिटात घातली. सोबत एक लाल कवंडळ. पाकिटावर काय लिहायचं? सकाळपासून तीन पाकिटं फाडली. सरस्वती म्हणाली, "खरां काय ता लिवा, दुसरां काय लिवतालात!"

खरं असं. त्या दिवशी शिडी मी धरली होती. आत फोन वाजला. सरस्वती घेईना, मला वाजता फोन सहन होत नाही. शिडी सोडली आणि आत ओरडायला गेलो. शंभू पडला. कुणाला कळलं नाही. त्याला कळलं होतं.

लिहिलं: 'शिडी मी सोडली होती. दादा.'

सिद्धीला बोलावून दिलं. तिनं वाचलं. ह्या वेळी हसली नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

काही नाही. पाववाल्या पोदेराच्या हॉर्नला दोनदा उठून दारात गेलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी आला. स्वतः सायकल मारत, मागं रानफळांची पाटी. अंगणात चपला काढल्या, आत येऊन टांगलेल्या मातोळीकडं वर बघितलं. "कलली आसा. शिडी हाड." मी आणून लावली आणि हा सरसर चढला! मोडलेला गुडघा! मागोमाग आलेली सिद्धी पदर नाही म्हणून ओढणी तोंडात कोंबून हसत होती. सरस्वतीही. गुडघ्याचं सोंग दोघींना पहिल्या दिवसापासून ठाऊक!

मी दोन्ही हातांनी शिडी धरली. आत फोन वाजला, वाजून वाजून थांबला. परत वाजला.

सोडली नाही.