पालथी

कवठे महांकाळ, रविवार, ३ एप्रिल १९७७

आलो एकदाचे! कराडहून निघालो तेव्हा झुंजुमुंजू होतं. सांगलीला गाडी बदलली आणि पुढचा सगळा रस्ता पमीनं माझ्या मांडीवर झोपून काढला. शेजारची बाई म्हणाली, किती शहाणं लेकरू! मला उगाच मीच शहाणी असल्यासारखं वाटलं.

घर छान आहे. दोन खोल्या, पुढं कडुनिंब, मागं अंगण आणि पलीकडं घरमालकीण हरणाबाईंचं घर. त्यांची माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरली आहेत, त्या एकट्याच इथं. आमचे हे पाझर तलावाच्या कामावर ओव्हरसियर. सकाळी सायकलवर जातात ते दिवेलागणीलाच येतात. म्हणून माझ्या सासूबाई, धोंडुबाई, सोबतीला आल्या आहेत. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

संध्याकाळी पमीचं अंथरूण मांडलं. आईनं सावरीच्या कापसाची गादी दिली आहे, फुलाफुलांच्या छिटाची. तसलीच उशी आणि कडेला दोन चिमुकले लोड. हात टेकला की मनगटापर्यंत रुततो. आत्याबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून आणली आहे. टाके दाट, पण हाताला कडक लागते. त्या म्हणाल्या, "मऊ नगं गं. पाठीवर निजव पोरीला, तोंडापाशी काय बी ठिवू नगंस." मी हो म्हटलं आणि गोधडी ट्रंकेत टाकली. माझी पहिली लेक आहे. मऊ गादीवर निजू दे की.

बुधवार, ६ एप्रिल

ऊन फार. दुपारी पत्रा तापला की पमी रडायला लागते. रात्रीही झोपू देत नाही, त्यामुळं दिवसा माझे डोळे आपोआप मिटतात. आजही तिला पाठीवर निजवलं आणि शेजारी जरा आडवी झाले.

जाग आली ती शांततेनं. पमी पालथी होती. नाक-तोंड गादीत पार रुतलेलं. उचलली तर ओठ निळसर. पाठीवर थोपटलं, फुंकर घातली, तेव्हा कुठं रडली. ते रडणं ऐकून मी देवाचे आभार मानले.

पण ती अजून दोन महिन्यांचीही नाही. मान धरत नाही. कूस कशी वळली?

आत्याबाईंना म्हटलं, दूध नाकात गेलं. खरं सांगायची शरम वाटली. गादी, उशी, लोड, सगळं माळ्यावर टाकलं आणि गोधडी काढली. त्यांनी नुसता गोधडीवरून हात फिरवला. मला वर बघवेना.

शनिवार, ९ एप्रिल

दवाखान्यातल्या नर्सबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याही म्हणाल्या, अंथरूण सपाट, घट्ट हवं, उशी नको, नाकाजवळ सैल कापड नको. ते सगळं केलं. गोधडी बाजेला चारी बाजूंनी ताणून बांधली. वर काही नाही, खाली काही नाही.

आज दुपारी परत पालथी. गालावर टाक्यांच्या रेघा उमटल्या होत्या.

म्हणजे गादीचा दोष नव्हता. मग घरात दोघीच उरतो, मी आणि आत्याबाई. बारशाच्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "म्होरल्या खेपेला नातू दे." तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते.

सोमवार, ११ एप्रिल

बोलून टाकलं. जेवताना, त्यांच्या देखत, ह्यांना. म्हटलं, पमी आपोआप पालथी होत नाही, तिला कुणीतरी करतंय.

ह्यांचा घास हातातच राहिला. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी? माझ्या नातीला?" पिशवी भरायला उठल्या.

मंगळवार, १२ एप्रिल

सकाळच्या गाडीनं गेल्या. जाताना पमीच्या गालाला लावायला हात पुढं केला आणि मधेच थांबवला. माझ्याकडं बघितलं. परवानगी मागत होत्या. मी पमीला छातीशी ओढलं. त्यांनी हात पदरात घेतला.

हे माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलले तर नाही. पमी तर वाचली.

गुरुवार, १४ एप्रिल

पमी पालथी होती. पुढच्या दाराला आतून कडी. घरात मी एकटी.

तिला छातीशी धरून बसले होते तेवढ्यात मागच्या दारात हरणाबाई दिसल्या. हातातलं ताकाचं भांडं तसंच. आत येईनात. मी विचारलं, कुणाला जाताना बघितलंत का?

त्या म्हणाल्या, "आवं वहिनी, कुणाला म्हंजी? तुमीच तर पालथी घातली तिला. वर हात दाबून धरला. मी लय हाका मारल्या, तुमी बगितलं बी न्हाई माझ्याकडं. मी धावत दारापत्तुर आले, तवा हात काढला तुमी, डोळं मिटलं आन् लगीच जाग्या झालासा."

मी म्हटलं, खोटं. त्या रडायला लागल्या. खोटं बोलणारी बाई अशी रडत नाही.

शुक्रवार, १५ एप्रिल

मला काही आठवत नाही. काहीच नाही. डोळे मिटतात आणि उघडतात, एवढंच.

आत्याबाईंचा हात दिसतो, मधेच थांबलेला.

ह्यांना सांगायला हवं. संध्याकाळी ताट वाढलं, तोंड उघडलं आणि विचारलं, भाकरी हवी का? कसं सांगू? ह्यांच्या आईला पाठवलं घराबाहेर, आणि आता—

हरणाबाईंच्या पाया पडले. कुणाला सांगू नका. दुपारी पमीला तुमच्याकडं ठेवा. त्या म्हणाल्या, ठेवते, पर सायबास्नी सांगा.

सोमवार, १८ एप्रिल

तीन दुपारी बऱ्या गेल्या. पमी त्यांच्या घोंगडीवर गाढ झोपते. मी इथं दार लावून, मनगट पदरानं बाजेला बांधून.

आज जाग आली तेव्हा उभी होते. हरणाबाईंच्या दारात. तळपाय भाजले होते, मधलं अंगण अनवाणी तुडवलेलं. दार ठोठावत होते. आतून त्या म्हणत होत्या, "उगडायची न्हाई मी. जावा वहिनी, घरला जावा."

माझ्या काखेत उशी होती. छिटाची. माळ्यावरची. मी शिडी कधी लावली?

त्यांनी कडी काढली नाही. देव त्यांचं भलं करो.

मंगळवार, १९ एप्रिल

आटपाडीहून निरोप आला, हरणाबाईंच्या बहिणीचं काही खरं नाही. त्यांना निघायलाच हवं. पमीला संगं नेते म्हणाल्या, न्हाईतर तलावावर जाऊन सायबांच्या हातात देते आन् समदं सांगते.

समदं सांगते म्हणाल्या.

मी म्हटलं, कशाला, आत्याबाई येताहेत की आत्ताच्या गाडीनं. सांगावा आलाय.

कसलाही सांगावा आला नाही. तोंडातून सहज निघालं, खरं असल्यासारखं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. विश्वास बसला. पमीला माझ्या हातात दिलं आणि गेल्या.

एवढं केलं मी, ह्यांना कळू नये म्हणून.

दुपार

पत्रा तापलाय. पमी समोर, गोधडीवर, पाठीवर. पाय हलवतेय. लिहीत राहिले की डोळे मिटत नाहीत, म्हणून लिहितेय. शेजारी कुणी नाही. तिला घेऊन तलावावर चालत जाईन, ऊन जरा—

आत्ताच जावं. उठावं.

पाय उठत नाहीत—

पमी हसली. खरंच हसली. पहिल्यांदा—

वरची ओळ कधी लिहिली? मधे किती—

रडणं थांबलं. रडत कधी होती?

वहीवरून मान वर करायची हिंमत नाही. उजव्या हातात पेन आहे. हा हात दिसतोय, तो लिहितोय. डावा मघाशी वहीवर होता. आता त्याच्याखाली काहीतरी ऊबदार, मऊ, आणि ते हल—