अब्राहामाचा सिनेमा पाहिल्यावर

मालवण, १२ मार्च १९६१

प्रिय श्रीपाद,

होय, नाव लिहिलं. लग्न झाल्यापासून 'अहो'च्या पुढे गेले नव्हते. आज राग आलाय, चालवून घ्या. धाकट्या सदानंदला मोठ्या भाऊजींना दत्तक द्यायचं ठरल्याचं तुमचं कार्ड मिळालं. वाचलं, घडी केली आणि आमटीला फोडणी दिली. दुसरं काय करणार!

परवा चर्चच्या पटांगणात पडदा बांधून अब्राहामाचा सिनेमा दाखवला. शेजारची फिलोमिन मला ओढूनच घेऊन गेली. हा त्यांचा मूळपुरुष. म्हातारपणी झालेला मुलगा देवाने मागितला आणि हा बाबा निघाला त्याला बळी द्यायला! सरणाची लाकडंही पोराच्याच पाठीवर. आई सुरुवातीला भाकऱ्या भाजताना दिसली, नंतर कुठेच नाही. बोलणं सगळं इंग्रजी, पण कळायला काय लागतं? त्याने सुरी उगारली तशी आपली फुटाणेवाली हौसाबाई टोपली सोडून उठली आणि पडद्याकडे बोट करून ओरडली, "मेल्या, पोराच्या आवशीक इचारलंस काय?" सगळं पटांगण हसलं. पाद्रीसुद्धा हसले. मला मात्र रडू फुटलं.

पुढे आकाशवाणी झाली, मुलगा वाचला. फिलोमिन म्हणाली, देव नुसती परीक्षा बघत होता. असेल. आपल्या घरात कोण परीक्षा बघतंय? मामंजींनी शब्द दिला, तुम्ही मान हलवलीत, जाऊबाईंनी सदरेही शिवून ठेवले. त्यांची कूस उजवली नाही याचं मलाही वाईट वाटतं हो, खरंच वाटतं. पण 'आपल्याला दोन आहेत' असं लिहायला सदू काही परसातला फणस नाही, जास्त झाला म्हणून वाटून टाकायला. तो अजून माझा पदर मुठीत धरून झोपतो.

नव्या कायद्याने आईच्या संमतीशिवाय मुलगा दत्तक देता येत नाही, असं शाळेतल्या लक्ष्मीबाई सांगतात. कायदा नसता तरी माझं म्हणणं हेच असतं आणि ते कळवायलाच हे पत्र: मी सदानंदला देणार नाही. मामंजींना आज तोंडावर सांगितलं. ते जेवले नाहीत. भाऊजींनी गुरुवारी जरूर यावं, शिरवाळे आणि नारळाचा रस करीन. पोराला नेण्याची भाषा केली, तर दारात मी उभी असेन. तुम्हीही येणारच आहात. उंबऱ्याच्या आत माझ्या शेजारी उभं राहायचं की बाहेर त्यांच्या, ते रत्नागिरीहून निघतानाच ठरवा.

तूर्त तरी तुमचीच,
लीला