अठरा हजार

नाना, तुम्ही रक्त मोजायचात तेव्हा तुमची उजवी तर्जनी टेबलावर टकटक करत असायची, प्रत्येक पांढऱ्या पेशीला एक. जळगावहून मी घरी आलो की आईने दिलेला डबा घेऊन धुळ्याच्या त्या दवाखान्यात, तुमच्या लॅबमध्ये यायचो. एकदा मध्येच हाक मारली, तर मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता तुम्ही म्हणालात, "थांब! मोजनी चुकनी ते मानूस जास." जळगावच्या वर्तमानपत्रात दुसऱ्यांचे आकडे तपासता तपासता माझे केस पिकले. तुमचं ते वाक्य अजून ऐकू येतं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तुम्हाला लकवा मारला, तेव्हा आणलं त्याच दवाखान्यात. डावी बाजू लुळी पडली होती, पण बोलणं शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर डाव्या हाताचा अंगठा हलवून तुम्ही म्हणालात, "दखा सिस्टर, मशीन चालू व्हयनी." ती हसली. तुमच्याच हाताखाली शिकलेला माणूस रक्त घेऊन गेला. बाराच्या सुमाराला त्याने चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, पांढऱ्या पेशी अठरा हजार आहेत, अकराच्या आत हव्यात. साखरही चढली आहे. नानांना दाखवा, ते म्हणतील तसं." तिथली रीतच होती ती. रक्ताबद्दल शंका आली की डॉक्टरांच्या आधी नानांना विचारायचं. या वेळी रक्त नानांचंच आहे, हे कुणाला खटकलं नाही. डॉक्टर पाचला येणार होते. तुम्ही शब्द टाकला असता तर सिस्टरने त्यांना तेव्हाच घरून बोलावून घेतलं असतं.

तुमचा चष्मा घरी राहिला होता. "वाच," तुम्ही म्हणता. मी खाटेशी उभा आहे, चिठ्ठी घामाने मऊ झाली आहे, आणि तुमचं बोट चादरीवर टकटक करतं आहे.

"आठ हजार."

"साखर?"

"बेताची."

बोट थांबतं. सगळं ठीक आहे असं समजून तुम्ही म्हणता, "मंग बठ्ठं बेस शे. जाय तू, तुना पेपर थांबाव नही."

चिठ्ठी सिस्टरच्या टेबलावर उपडी ठेवून मी निघालो. संध्याकाळी पानं लावत असताना आईचा ट्रंक कॉल आला. तुमची जीभ जड झाली होती, अंगठा पुन्हा हलत नव्हता. मी पोचलो तेव्हा तुम्ही मला ओळखलं नाही, आणि चौथ्या दिवशी गेलात. डॉक्टर एवढंच म्हणाले, "तुमच्या वडिलांचा हा आकडा मला दुपारीच कळायला हवा होता. माणूस बिघडायच्या आधी कधी कधी रक्त सांगतं." कळला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. इतक्या वर्षांनी अजूनही डॉक्टरांसमोर बसलो की वाटतं, एखादा सहज बोलता बोलता त्याचं उत्तर देऊन टाकेल.

नानांना घाबरवायचं नव्हतं, असं मी आईला सांगितलं. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि मरेपर्यंत तो विषय तिने काढला नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आईला सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. अठरा म्हटलं असतं तर तुम्ही मला थांबवून घेतलं असतं, आणि जळगावची गाडी साडेबाराला होती.