माझ्या देहाला धाकट्याची संमती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, संशोधन संस्थेतून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. यकृत नाही, पण कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गळही घातलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्याजोगे काही नाही.

कलम १. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि आतले सगळे सामान माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. घरात तिला आम्ही चिमणी म्हणतो. आता तीच दोन मुलांची आई आहे. मागच्या भिंतीला ओल आहे आणि तिथली खिडकी उचलून धरल्याशिवाय लागत नाही. विकायचे असेल तर खुशाल विकावे. आत्याची आठवण म्हणून कोणी ओल सांभाळत बसू नये.

कलम २. बँकेतली ठेवही चिमणीलाच, कोणत्याही अटीशिवाय. कारण लिहिले पाहिजे असे नाही, पण लिहिते. तिची आई गेली, आणि त्यानंतर वर्षभरात तिच्या बापाने माझ्याशी बोलणे टाकले. ही मात्र शाळा सुटली की परस्पर माझ्याकडे यायची. एकदा बूट काढता काढता म्हणाली, "आत्या, आईच्या अंगात होतं ते माझ्याही अंगात असेल?"

"थोडं असेल," मी म्हटले.

"थोडं म्हणजे किती?"

मला ठाऊक नव्हते. पाण्यातले ते रसायन आईच्या दुधातून बाळाच्या अंगात किती उतरते, याची मोजमापे तेव्हा जगात मूठभर बायकांची होती आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. मी बिस्किटांचा डबा पुढे केला. तिने दोन खाल्ली आणि तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही. लहान मुलीने विचारणे सोडून द्यावे, याचे मला आजही वाईट वाटते.

कलम ३. माझे काम. हे वाचणाऱ्या वकिलांना समजावे म्हणून थोडक्यात सांगते. पाण्यातले एखादे रसायन पोटातून रक्तात जाते, रक्तातून यकृतात, मूत्रपिंडात. काही बाहेर पडते, काही वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. जिवंत माणूस उघडून बघता येत नाही, म्हणून हा प्रवास गणिताने मांडायचा. मी आयुष्यभर तेच केले. उत्तर म्हणून एक रेघ मिळत नाही, पट्टा मिळतो. खालच्या कडेला माणूस ठणठणीत, वरच्या कडेला दवाखान्यात. पुरेशी मोजमापे नसली की पट्टा रुंद होतो. माझ्या संगणकातले हे सगळे गणित जो मागेल त्याला फुकट द्यावे.

कलम ४. माझ्या वरिष्ठांना काहीही देऊ नये. ते भाषणात नेहमी पट्टा पुसून मधली रेघ तेवढी दाखवत. लोक म्हणत, किती स्पष्ट बोलतात! त्यांना मानपत्रे मिळाली आहेत, तेवढी पुरेत. मात्र ते भेटायला आले तर त्यांना चहा द्यावा. मी नसले तरी.

कलम ५. देह. हे कलम मी चारदा खोडून लिहिले आहे.

आमचे जुने घर भांड्यांना न चिकटणारा लेप देणाऱ्या कारखान्याच्या मागे होते. अंगणात विहीर होती. मी, धाकटा आणि भावजय, तिघे तिचेच पाणी पीत होतो. चिमणी पाणी पिऊ लागली तोवर घरात नळ आला होता. भावजयीची मूत्रपिंडे चाळिशीच्या आत निकामी झाली. ती स्वभावाने हसरी. सुया टोचून घेतानाही नर्सची फिरकी घ्यायची. तिच्या मागे धाकटा आणि गल्लीतली माणसे कारखान्याविरुद्ध उभी राहिली. चौकशी समिती बसली. संस्थेत या विषयाचे दुसरे कोणी नव्हते, म्हणून समितीने मलाच बोलावले. मयत माझी भावजय आहे हे मी सुरुवातीलाच सांगितले.

कारखान्याच्या वकिलाने विचारले, "त्या पाण्यामुळेच मृत्यू झाला का? हो की नाही, एवढंच सांगा बाई."

मी म्हणाले, "आज सांगता येत नाही. झाला असेल, नसेलही."

"त्यांचे पती तेच पाणी प्यायले. ते तर समोर धडधाकट बसले आहेत."

मी सांगितले की एकाचे शरीर जे लवकर टाकून देते ते दुसऱ्याचे धरून ठेवते. कोणाचे किती, हेच माहीत नाही. पण हे कोणी टिपून घेतले नाही. निकालात छापून आले ते एवढेच: खुद्द मयताची नणंद, जी या विषयातली जाणकार आहे, तीही होकार देत नाही.

बाहेर पायऱ्यांवर धाकटा म्हणाला, "ताई, तुला एक शब्द बोलायचा होता."

"तो खरा असता की नाही मला माहीत नव्हतं रे."

"आणि मी तेच पाणी पिऊन उभा कसा, ते तरी माहीत आहे?"

तेही नव्हते. पुढच्या महिन्यात मी या दोन खोल्यांत आले.

गेल्या वर्षी कुठे पट्टा अरुंद झाला. निरनिराळ्या देशांतल्या मृत माणसांच्या यकृत-मूत्रपिंडांतून प्रत्यक्ष मोजमापे आली. नव्या आकड्यांनिशी मी भावजयीचे गणित पुन्हा मांडले. ते होकाराकडे झुकते. हे त्याला सांगायला मी दोनदा निघाले आणि दोनदा कोपऱ्यावरून परतले. इतक्या उशिराचा होकार घेऊन कोणत्या तोंडाने जायचे?

म्हणून माझा देह, त्याच विहिरीवर पोसलेला, मृत्यूनंतर संस्थेला द्यावा. माझ्या जागी आलेल्या संशोधिकेने त्यातून हवे ते नमुने घ्यावेत. संस्थेच्या नियमाप्रमाणे यासाठी जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. मला जवळचा नातेवाईक एकच आहे.

पुरवणी. वरील मजकूर चिमणीने बापाला वाचून दाखवला आणि काल ती त्याला घेऊन आली. त्याचे केस पार गेले आहेत. खुर्ची दिली तर खिडकीपाशीच उभा राहिला.

"तुझं अंग तपासून हिच्या आईबद्दल काही कळेल?"

"तिच्याबद्दल नाही. पुढच्या कुणाबद्दल थोडंफार."

"आज त्या वकिलाने विचारलं तर काय सांगशील?"

"बहुधा हो, असं सांगेन."

"तेव्हा 'बहुधा' म्हणाली असतीस, तरी मला पुरलं असतं, ताई."

"तेव्हा माझ्याकडे 'बहुधा' नव्हतं रे."

चिमणी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत राहिली. मग त्याने खिशातून चष्मा काढला, संमतीचा कागद मागितला, शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. "माझाही दे लिहून," म्हणाला. "मी का वाचलो, ते कुणाला तरी कळू दे."

त्याचे मृत्युपत्र त्यालाच करावे लागेल, असे मी सांगितले. उद्या सकाळी येतो, म्हणाला. वाट पाहते आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि मग माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचे चष्मेवाले
साक्षीदार दुसरा: माझ्या यकृताच्या डॉक्टरीणबाई
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: आजची, महिन्याचा पहिला सोमवार