दोन नंबरची बाटली

भोईवाडा, परळ
रविवार

ती. ललिताताईस,

भोईवाड्याहून अप्पाचा वाकून नमस्कार. स्वतःच्याच घरातला फ्रिज विचारून उघडावा लागणाऱ्या, साखर वाढलेल्या समस्त म्हाताऱ्यांतर्फे मी हे लिहीत आहे, आणि त्यांत तूही आलीस. (गिरगावात तुझी सून सुरुची फ्रिजसमोर कशी उभी असते, ते मी पाहिले आहे.) गुडघे काय म्हणतात? फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर. म्हणून हे पत्र सौमित्र ऑफिसला जाताना उद्या पहाटेच देऊन जाईल.

तर सौमित्रच्या मनवाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग मांडला: ठेवण्याच्या जागेमुळे रसाची आंबटता बदलते का? मोसंब्यांचा रस एकत्र गाळून तीन सारख्या बाटल्यांत खुणेपर्यंत भरला. पहिली ओट्यावर, दुसरी फ्रिजमध्ये, तिसरी गॅलरीत उन्हात. रोज संध्याकाळी प्रत्येकीतून दहा मिली रस काढायचा, त्यात जास्वंदीचे पाणी घालायचे आणि रंग पालटेपर्यंत खाण्याच्या सोड्याचे पाणी थेंब थेंब सोडायचे. थेंब जास्त लागले, तर रस जास्त आंबट. (चाळीस वर्षे मी व्यासपीठांवरून ‘पुरावा दाखवा’ म्हणून गरजलो. ही पोरगी न बोलता पुरावा मोजते.)

चौथ्या दिवशी ओट्यावरच्या बाटलीचे बूच उडाले, ते खिडकीतून थेट शेजारच्या पुतळाबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांत जाऊन पडले. फ्रिजमधल्या रसाचे थेंब मात्र उतरत गेले: चाळीस, एकतीस, बावीस. थंडीने आंबटपणा निम्मा होतो, या शोधाने मी असा पेटलो की सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला सारून पाऊण तास त्यावरच बोललो. टाळ्या पडल्या. पुतळाबाईंनी तर पित्त शमेल म्हणून लोणच्याची बरणी फ्रिजमध्ये हलवली. मनवा तेवढी टाळ्या न वाजवता वही चाळत होती.

येत्या शनिवारी ती परीक्षकांसमोर उभी राहणार. तिला आशीर्वाद दे.

तुझा,
अप्पा

ता. क. ताई, तो रस मी पीत होतो. दुपारी सगळे बाहेर असताना, रोज चार घोट. पाहुणे वाढले की आई ताकात तांब्याभर पाणी घालायची, तसे मीही बाटलीत खुणेपर्यंत पाणी घालत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापांवर तुटून पडलो, आणि आता माझी थाप घेऊन नात परीक्षकांपुढे जाणार. तिला सांगायला तोंड उघडत नाही.

आणखी एक ता. क. वरचे लिहीत असताना मनवा पाठीमागेच उभी होती. म्हणाली, “आजोबा, मी रोज दहा मिली काढत्ये. मग बाटली भरलेलीच कशी?” गुरुवारपासून तिला ठाऊक आहे. वहीत ‘चूक कशामुळे’ या रकान्यात तिने ‘आजोबा’ लिहिले आहे आणि ते खोडायला ती तयार नाही. आज नवा रस काढून तिने प्रयोग पुन्हा मांडला आहे. दोन नंबरची बाटली या घरात ठेवणार नाही म्हणते. ती तुमच्या फ्रिजमध्ये राहील आणि थेंबही तिथेच मोजले जातील. सौमित्र पडला माझाच मुलगा, म्हणून त्याच्या हाती ती बाटली द्यायला तयार नाही. तेव्हा उद्या सकाळी बाटली न्यायला सुरुचीला पाठव. तू स्वतः येऊ नकोस, असे मनवाने मुद्दाम लिहायला लावले आहे.