पळवेर्काडूच्या पलीकडच्या काठावरून

बाबा, मी परवा पळवेर्काडूच्या सरोवरावरून परत आले आणि आल्यापासून माझी नुसती चिडचिड चालली आहे. घरात कुणी साधं "चहा घेणार का" विचारलं तरी मी फणकारते. ज्याच्यावर चिडायचं तो माणूस जाऊन वीसएक वर्षं झाली, मग घरातल्यांनाच ऐकावं लागतं. हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, एवढं मला कळतं. पण समोर माणूस नाही म्हणून तोंड मिटून बसणं मला कधी जमलेलं नाही, आणि हा स्वभाव कुणाकडून आला ते तुम्ही मला विचारू नका.

फॅक्टरीच्या क्वार्टरमागच्या अंगणात तुम्ही ती होडी बांधत होता, तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. ड्यूटीवरून आलात की चहा पिऊन लुंगी खोचायची आणि सुरू. फळी धरायला मी, सँडपेपर घासायला मी, डांबराचा डबा चुलीवर गरम करायला मी. माझ्या नखांतलं डांबर पाहून शाळेत बाई ओरडायच्या. धाकटा तेव्हा कंपाउंडमध्ये क्रिकेट खेळत असायचा, त्याला होडीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं तेही ठाऊक नव्हतं. आणि सरोवरावर निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला म्हणालात, "दोघांचे डबे भर, माझा आणि धाकट्याचा." मी म्हटलं, "मीपण येणार." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू कुठं येणार? काठावर झोपायचं, उघड्यावर सगळं. मुलीच्या जातीचं तिथं कसं व्हायचं? पुढच्या खेपेला बघू." आई भाकरी थापत होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. पुढची खेप कधी झालीच नाही. होडीही तुम्ही घरी आणली नाहीत, तिथंच कुणाला तरी देऊन टाकलीत, आणि का ते विचारलं तर म्हणालात, तिचं काम झालं.

चौथ्या दिवशी तुम्ही दोघं परत आलात, नाकं सोललेली, कपड्यांना मासळीचा वास. माझ्या हातात ताडाच्या पानांची विणलेली एक डबी ठेवलीत, गुलाबी पट्ट्यांची. म्हणालात, "ही पलीकडच्या काठावरची, खास तुझ्यासाठी." मग सुरू झाली ती गोष्ट. ओट्यावर पाण्यात बोट बुडवून तुम्ही नकाशा काढता आहात, इथून निघालो, इथं मुक्काम, इथं फ्लेमिंगोंचा थवा, आणि हा पलीकडचा, आंध्रचा काठ. कॉलनीतल्या गणपतीत दर वर्षी कुणी ना कुणी म्हणायचंच, "अहो, ते सरोवराचं सांगा." तुम्ही आढेवेढे घेत सांगायचात. मी ऐकायची आणि आतल्या आत जळायची. खरंच जळायची, बाबा. धाकट्याला सायकल मिळाली, इंजिनिअरिंगला पाठवलंत, त्याचं मला काही वाटलं नाही. पण ते तीन दिवस त्याला मिळाले आणि मला नाही, हे मी कधी सोडलं नाही.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर अड्यारला नदीवर वल्ही मारायला शिकले. नवऱ्यानं डोक्याला हात लावला. तळव्यांना फोड आले, खांदे धरले, पण शिकले. आणि धाकट्याच्या मागे लागले, की तू एकदा जाऊन आला आहेस, मला वाट दाखव, वल्ही मी मारते. तो शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर बसतो, त्याला सुट्टी मिळेना. "ताई, या वयात कशाला नसती उठाठेव?" हे किती वेळा म्हणाला असेल. शेवटी मी त्याच्या बायकोला मध्ये घातलं, तेव्हा आला.

पळवेर्काडूला उतरलो तर धक्क्याजवळच बायका ताडाच्या पानांच्या डब्या विकत बसलेल्या. गुलाबी पट्ट्यांच्या. मी म्हटलं, "अरे, या तर इथंच मिळतात." धाकटा एकदम दोरीची गाठ सोडवायला खाली वाकला. ती गाठ आधीच सुटलेली होती. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पहिला दिवस नुसता कटकटीचा. आम्ही भाड्यानं घेतलेली ती फायबरची छोटी होडी, पाणी कुठं कमरेएवढं तर कुठं गुडघ्याएवढं, दर थोड्या वेळानं तळ चिखलात रुतायचा आणि बांबूनं ढकलायला लागायचं. ऊन तर विचारू नका. मी विचारते, "आता सरळ की डावीकडे?" तर हा म्हणतो, "सरळच असेल." असेल म्हणजे काय? गेला होतास ना तू? पश्चिमेच्या काठावरच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात झोपलो, गावातल्या बायकांनी मला त्यांच्या घरी अंघोळीला नेलं, गरम सांबार-भात वाढला. मुलीच्या जातीचं तिथं अगदी व्यवस्थित झालं, हे तुमच्या माहितीसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या अरुंद पाण्यात खुंटांची आडवी रांग रोवलेली दिसली आणि तिला जाळं. एक माणूस होडीतून हात हलवत आला. "अक्का, थांबा. आज इथं आमची पाडु आहे." तिथल्या गावांमध्ये ठरलेलं असतं, कुठल्या दिवशी कुठल्या पाण्यात कुणी जाळं लावायचं. तीच पाडु, म्हणजे पाळी. ज्याची पाळी, त्या दिवसापुरतं ते पाणी त्याचं, मधून होडी घातली की त्याची मासळी गेली. मी धाकट्याकडे पाहिलं तर त्याचा चेहरा उतरलेला. म्हणाला, "ताई, वळूया. आम्हीपण इथूनच वळलो होतो."

मला आधी कळेचना. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. तुम्हालाही असंच कुणीतरी अडवलं होतं, आणि तुम्ही होडीत उभं राहून फॅक्टरीच्या कँटीनमधल्या तुमच्या तमिळमध्ये सुनावलंत, की पाणी सरकारचं आहे आणि मी केंद्र सरकारचा नोकर आहे. ती माणसं हसली. म्हणाली, सार, दुपारपर्यंत थांबा, जाळं उचललं की जा. पण तुम्ही कसले थांबताय. बाजूनं कुठून जायचं तेही विचारलं नाहीत. होडी वळवलीत आणि थेट धक्क्याला आणून लावलीत. उरलेले दिवस जवळच पोन्नेरी गावात फॅक्टरीतल्या मित्राकडे रमी खेळत काढलेत, आणि धाकट्याला बजावलंत, घरी बोलायचं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि तू इतकी वर्षं गप्प बसलास?" तर म्हणतो, "बाबांना शब्द दिला होता. आणि नंतर तुला सांगून काय होणार होतं?" काय होणार होतं म्हणे. मी जन्मभर जळले ते पोन्नेरीतल्या पत्त्यांच्या डावावर, बाबा. थोडा वेळ थांबायचं होतं फक्त. आम्हाला शिकवायचात, जगात कुणापुढं मान खाली घालू नका. अहो, रस्ता विचारण्यात कसली आली मान?

धाकटा म्हणाला, "आता कळलं ना सगळं? चल परत." मी म्हटलं, "तू जा, मी चालले." मग त्या कोळ्याला विचारलं, किती वेळ लागेल? तो म्हणाला, ओहोटी संपेपर्यंत. एक खुंट धरून आम्ही डोक्यावर टॉवेल टाकून बसून राहिलो. मी रागानं धाकट्याशी बोलत नव्हते आणि तो मला मोसंब्याच्या फोडी सोलून देत होता. दुपारी जाळं उचललं, त्या माणसानं हातानं खूण केली, जा. पुढची वाट आम्हा दोघांनाही नवी होती. ज्याला त्याला विचारत गेलो. माझे हात थकले तेव्हा धाकट्यानं वल्ही घेतली, होडी गोल गोल फिरवली, मग हळूहळू जमली त्याला.

तिसऱ्या दिवशी आंध्रच्या काठाला लागलो. तिथं काही म्हणजे काही नाही. तुटका सिमेंटचा धक्का, वाळत घातलेली मासळी, सोड्याच्या बाटल्यांची एक टपरी. धाकटा फोनला रेंज शोधत वर गेला. मी गुडघाभर चिखलात उभी होते. इथं पोचल्यावर तुम्हाला काय सुनवायचं ते मी वर्षानुवर्षं घोकलं होतं, त्यात भर घालायला आता पत्त्यांचा डावही होता. त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. मनात आलं ते एवढंच, की कधी एकदा घरी जाते आणि बाबांना सांगते. माझा खरा संताप त्या विचारावर आहे.