आनिमितापाशी दाबलेला ब्रेक

कोंबार्बाला, रविवार

प्रिय मिरेया,

परवा तुझा फोन आला तेव्हा आईनं चहा ओतला होता, पाव भाजून ठेवला होता, आणि तू म्हणालीस, "बाबा, परत नापास." पुढे मी काय बोललो ते मलाही आठवत नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. आई कानाशी उभी राहून "हे विचारा, ते सांगा" करत राहते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहायला बसलोय. येत्या गुरुवारी तुझी पुन्हा परीक्षा आहे. या खेपेला लायसन्स हातात पडलं नाही तर डोंगरातल्या त्या दवाखान्याची नर्सची जागा दुसऱ्या कुणाला देतील, हे मला कळतं. बरोबरच आहे त्यांचं. अडलेल्या बाईकडे जायचं तर गाडी काढून निघावंच लागतं, बसची वाट बघत बसून कसं चालेल? पण तू त्या जागेसाठी केवढी धडपडलीस ते मी पाहिलंय, आणि ती जागा हातची गेली तर मला फार वाईट वाटेल.

आयुष्यभर बस चालवली आणि पेन्शन लागल्यापासून पोराटोरांना गाडी शिकवतोय. अर्ध्या गावाला मी शिकवलंय, आणि उरलेलं अर्धं गाव आपल्या दारात येऊ नये म्हणून तुझी आई देवाला साकडं घालते. तर एवढ्या वर्षांत एक पाहिलं. लोकांना वाटतं, आपण मोठ्या गोष्टीत नापास होणार. चढावर गाडी मागे येईल, मागे घेताना कुठं तरी ठोकू. तसलं क्वचित होतं. माणूस नापास होतो ते त्याच्या लक्षातही न येणाऱ्या गोष्टीत. खाटकाचा एर्नान आठवतो? 'थांबा'च्या पाटीपाशी दर वेळी नापास. माझ्याशी वाद घालायला आला, "सेन्योर ओसियेल, मी थांबलोच होतो की हो!" मी म्हटलं, "तू थांबला होतास रे बाबा, गाडी थांबली नव्हती." चाकं हळूच सरकत असतात, आणि माणसाच्या मनानं घेतलेलं असतं की आपण थांबलो. कुणी आरशात बघतं ते वळून झाल्यावर. कुणी डावीकडे नीट बघतं आणि उजवीकडून येणाऱ्याचा आधी जायचा हक्क विसरतं. कुणी भीतीनं इतकं हळू चालवतं की मागे ट्रकांची रांग लागते, आणि वर म्हणतं, मी तर किती सांभाळून चालवत होतो!

चीजवाल्या क्लोरिंडाबाईंचा किस्सा तुला सांगितला की नाही, आठवत नाही. बाईंनी सगळं बिनचूक केलं. आरसे, गिअर, थांबणं, सगळं. शेवटी देवळापाशी डावं वळण आलं, आणि बाईंनी स्टिअरिंग सोडून छातीवर क्रूस काढला. नुसता काढला नाही, सवयीप्रमाणे शेवटी अंगठ्याचा मुकाही घेतला. परीक्षक ओरडला, "अहो बाई, गाडी काय देवाच्या हवाली केलीत की काय?" बाई म्हणाल्या, "मग काय तुमच्या हवाली करू? तुम्ही तर मघापासून दार धरून बसलाय!" नापास झाल्या, पण महिनाभर गावाला हसवत होत्या. पुढच्या वेळी मी त्यांना बजावलं, देवळावरून जाताना हात जिथं आहेत तिथं राहू द्या, क्रूस मनातल्या मनात काढा, वरच्याला तेवढं दिसतं. त्या खेपेला झाल्या पास.

हे सगळं तू मला फोनवर वाचून दाखवलेल्या कागदावरून आठवलं. तुझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. तुझे आरसे चोख, तुझं थांबणं चोख. तिन्ही वेळा एकच शेरा: मोकळ्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक. तू म्हणालीस, "बाबा, घाबरते मी, दुसरं काही नाही." मला ते पटेना. घाबरणारा माणूस गर्दीत घाबरतो, चौकात घाबरतो. मोकळ्या रस्त्यावर कशाला घाबरेल? मग काल आई बाजारात गेल्यावर मी तुला परत फोन करून परीक्षेचा रस्ता विचारला. इस्पितळावरून, कब्रस्तानाच्या भिंतीकडेनं, बाहेर हमरस्त्याला आणि वळून परत. तो रस्ता मी बसनं किती तरी वेळा पालथा घातलाय. पॉपलरच्या झाडांच्या रांगेनंतर डाव्या हाताला अपघातात गेलेल्या एका मुलीची आनिमिता आहे. पांढरं रंगवलेलं हातभर घर, आत तिचा फोटो, पुढ्यात मेणबत्त्या आणि कागदी फुलं. मी तुला विचारलं, तिथंच दाबतेस ना ब्रेक? तू म्हणालीस, "आईला नका सांगू."

आईला सांगितलं नाही. पण पोरी, यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्या खोऱ्यातला कुठलाही ड्रायव्हर आनिमितावरून तसाच जात नाही. हॉर्न दोनदा वाजवतो, टोपी उचलतो, वेग कमी करतो. तसं केलं नाही तर वडीलधारं माणूस ओट्यावर बसलेलं असताना न बोलता पुढे गेल्यासारखं वाटतं. आणि आपल्या घरात तर ते अंगातच मुरलेलं. आपला नीबाल्दो गेल्यानंतर दर सोमवारी, मृतात्म्यांचा वार म्हणून, आपण तिघं तो गेला त्या वळणावर, त्याच्या आनिमितापाशी जायचो. तू मागच्या सीटवर मेणबत्त्या मांडीत घेऊन बसायचीस. ते पांढरं घर दिसायच्या आधीच मी ब्रेकवर पाय ठेवायचो, आणि सीटच्या पाठीतून मला जाणवायचं, तुझाही उजवा पाय नकळत दाबला जायचा. तू तेव्हा शाळेत होतीस. तुझ्या त्या पायाला कुणीच सांगितलं नाही की प्रत्येक पांढरं घर आपल्या भावाचं नसतं.

नीबाल्दोबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. तो पहिल्याच खेपेला पास झाला होता. परीक्षक मला म्हणाला होता, "सेन्योर ओसियेल, पोरगं तुमच्यापेक्षा चांगलं चालवतं." मी ते बसमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलो होतो. तो गेला त्या दिवशीही त्यानं काही चूक केली नाही. तो आपल्या बाजूनं, बेतानं चालला होता. द्राक्षांचे क्रेट भरलेला टेम्पो वळणावर त्याच्या बाजूला आला, एवढंच. मी त्या जागी जाऊन टायरचे डाग पाहिले, पावलांनी अंतरं मोजली, काही तरी सापडेल म्हणून. पोराची बारीकशी चूक सापडली असती तर मला ती धरून बसता आलं असतं. सापडली नाही. नीट चालवणाऱ्यालाही रस्ता कधी कधी सोडत नाही, हे शिकवणाऱ्या माणसाला गिळायला फार कठीण जातं. तू मोठी झाल्यावर म्हणालीस, "मी जन्मभर बसनंच फिरेन," तेव्हा मी तुला एकदाही आग्रह केला नाही. आणि आता तू आपणहून शिकायला बसलीस, तेही कुणाच्या तरी बाळंतपणाला वेळेवर पोचायचं म्हणून. याचा मला किती अभिमान वाटतो ते आईला विचार. ती कंटाळलीय ऐकून.

तर आता शिकवणारा म्हणून सांगतो, नीट ऐक. तुझी चूक ब्रेक दाबण्यात नाही. तू धड थांबतही नाहीस आणि धड पुढेही जात नाहीस. तुझ्या मागच्या गाडीवाल्याला माहीत नसतं की तिथं एक मुलगी गेलीय. त्याला फक्त तुझा लाल दिवा दिसतो, तोही अचानक, आणि तो तुझ्यावर येऊन आदळतो. थांबायचं असेल तर रीतसर थांबायचं: आरसा बघ, इंडिकेटर दे, कडेला घे, उतर, मेणबत्ती लाव. कुणाची ना नाही. आणि जायचं असेल तर पाय होता तिथंच ठेवायचा आणि नजर समोर. गुरुवारी तुला जायचंय. त्या मुलीला आदल्या दिवशी चालत जाऊन भेटून ये. फूल वाहा, सांग की उद्या मी इथून जाणार आहे, थांबणार नाही, रागावू नकोस. हसू नकोस मला. मी नीबाल्दोशी असाच बोलतो, आणि मला त्यानं बरं वाटतं.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगतो. आईनं तुला सांगितलेलं नाही, मीच शपथ घातली होती. माझं लायसन्स नव्यानं करायचं होतं, म्हणून गेल्या महिन्यात नगरपालिकेत गेलो होतो. डोळ्यांच्या यंत्रापाशीच डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला, तरी मी म्हटलं, बाई, एकदा गाडीत बसवून बघा. बसवलं. कोपऱ्यावर उजवीकडून आलेली निळी गाडी मला दिसलीच नाही, मिरेया. माझ्या शेजारच्या पोरसवदा परीक्षकानं हँडब्रेक ओढला, आणि वर मलाच म्हणाला, "सेन्योर ओसियेल, तुम्हाला लागलं नाही ना?" मी नापास झालो. आता होणारही नाही पास, कारण उजव्या डोळ्यात काही उरलेलं नाही. तेव्हापासून सोमवारी नीबाल्दोच्या वळणावर कुणी गेलेलं नाही. गेल्या सोमवारी न राहवून बसनं निघालो. वळणावर बसला थांबता येत नाही, हे मी जन्मभर प्रवाशांना सांगत आलोय. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, सगळ्यांनी टोप्या उचलल्या आणि बस पुढे गेली. मी खिडकीशी मेणबत्त्या धरून बसलो होतो. पोराच्या दारावरून असा पुढे निघून गेलो आणि काही करता आलं नाही. आई म्हणते शेजाऱ्यांना सांगा, पण मला शेजाऱ्यांबरोबर जायचं नाही. गुरुवारी पास हो. आणि सोमवारी ये, मला नीबाल्दोकडे घेऊन चल. मी शेजारच्या सीटवर बसेन आणि तुझी एकही चूक काढणार नाही.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा